थोरलीच्या फुलात बी

मंगळवार, २४ फेब्रुवारी. दुपारी १.१०

बी! तीन नंबरच्या खोलीत बी!

सकाळी साडेनऊला चौथ्या टेबलावरचं एक फूल वास बघायला म्हणून दोन बोटांत चुरलं, तर काहीतरी कडक लागलं. आधी वाटलं खडा असेल. तळहातावर घेतलं – तपकिरी, वर करड्या रेघा, मिरीच्या दाण्याहून जरा लहान. इतकं देखणं की क्षणभर आनंदच झाला मला. मग पटकन मूठ मिटली.

कारण इथे बी धरायलाच नको. औषधी गांजाच्या या नर्सरीत नराला दारातसुद्धा प्रवेश नाही. (झाडांतल्या. माणसांतले भरपूर आहेत आणि निम्मे बिनकामाचे.) सगळ्या मादीच. मादीला पराग मिळाला नाही की ती फुलं भरतच राहते, फुलांवर चीक धरतो, त्या चिकाचं तेल निघतं. फिट्स येणाऱ्या मुलांच्या जिभेखाली त्या तेलाचे थेंब जातात. बी धरलं की झाडाचा सगळा जीव बियात! चीक कमी, तेल कमी, खोलीभर माल नापास.

मग नर नसताना बी आलं कुठून?

मामांकडे घेऊन गेले. मामा म्हणजे इथले सगळ्यांत जुने माळी, मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे मामा. त्यांनी चष्मा घातला, बी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जणू चष्म्यात बी असावं! म्हणाले, "अकरा वर्षांत पहिल्यांदा गं." आणि खाली बसले.

अकराला खोलीचे दिवे गेले. आमची रात्र आणि झाडांची रात्र वेगळी. रात्री विजेवर ताण कमी, म्हणून दिवे रात्री अकरा ते सकाळी अकरा. आमच्या भरदुपारी तिथे मिट्ट काळोख. बारा तास उजेड, बारा तास अंधार – एवढं केलं तरच झाड फुलावर येतं. तर अंधार झाला आणि सगळे बाहेर येऊन आपापल्या कामाला पांगले. एरवी त्या वेळी आम्ही जेवणाच्या गप्पा मारतो.


बुधवार, २५ फेब्रुवारी. दु. १.०५

मॅडमनी सगळ्यांना उभं केलं. मॅडम म्हणजे दर्जा तपासणीच्या मुख्य. तोंड कायम लिंबू चावल्यासारखं. त्या ओरडत नाहीत हेच वाईट. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणाल्या, "मादी झाड स्वतःवरच नर फुलं काढतं, तेव्हा असं होतं. दोनच कारणं. एक तर दोष रक्तात आहे, जुन्या कलमांत तो मागाहूनही शिरतो; नाहीतर खोलीत."

रक्तात म्हणजे थोरलीत.

थोरली आमची आईझाड. अकरा वर्षांपूर्वी मामांनी दोनशे रोपांतून ती निवडली. तेव्हापासून इथलं प्रत्येक झाड तिच्याच फांदीचं कलम. थोरली म्हातारी झाली की तिचंच कलम नवी थोरली होतं, म्हणजे ती मरतच नाही म्हणा ना. तीन नंबरमधली एकशे ब्याण्णव झाडं म्हणजे एकशे ब्याण्णव वेळा थोरलीच! रक्त केसभरसुद्धा वेगळं नाही. त्यामुळे दोष तिच्यात असला तर सगळ्यांतच असणार, आज नाही तर उद्या दिसणार. मग थोरलीला भट्टीत घालायचं आणि बाहेरून दुसऱ्या जातीची आई आणायची. तिच्या तेलाची मात्रा बसवायला वर्षभर. तोवर मुलांनी काय करायचं, हे मॅडमनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मामा म्हणाले, "तिच्यात खोट नाही."

मॅडम म्हणाल्या, "मामा, मला पुरावा द्या. मी तिला हात लावणार नाही. पुढचा शुक्रवार, सहा तारीख."

पाच नंबरमध्येही तिचीच कलमं आहेत, पण तिथे फुलोरा जेमतेम तिसऱ्या आठवड्यात. तिथलं काही कळायला महिना जाईल. महिना कोण देतंय!

मग मॅडमनी विचारलं, "याआधीच्या पिकात बी नव्हतं. या वेळी काय बदललं? आठवून सांगा." सगळ्यांनी सांगितलं. खताची नवी गोणी. पूर्वेकडचा नवा पंखा. एकाने तर माझं नवं घड्याळसुद्धा सांगितलं! हसू आलं, पण मॅडमनी ते लिहून घेतलं.

नोंदींचं काम माझं – खोलीचं तापमान, दमटपणा, पाणी. म्हणून तपासही माझ्याकडे आला. खरं सांगू? थोडं बरंच वाटलं. भीती वाटायला हवी होती. पण मला हे कळलंच पाहिजे – झाड असं का करतं?


गुरुवार, २६ फेब्रुवारी. दु. १.१५

आज भिंगाखाली नर फूल पाहिलं!

मादी फुलाच्या पांढऱ्या केसांच्या मधोमध पिवळं, जरासं वाकलेलं, केळ्यासारखं. नखाएवढंही नाही. मामा त्याला केळंच म्हणतात. चिमट्याने हलवलं तर पिवळी धूळ उडाली. पराग! एका केळ्यातल्या धुळीने खोलीभर बी धरतं म्हणे.

मामांना विचारलं, "पण का काढते ती हे?"

"घाबरते."

"कशाला?"

"फुकट जाण्याला," मामा म्हणाले. "फुलं काढून बसली आहे, पराग येत नाही. तशी ती नेटाने बसून राहते. पण मध्येच काही बिनसलं – मुळं सुकली, उकाडा जास्त झाला, नाहीतर तिच्या रात्रीत उजेड घुसला – की तिला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. मग दुसऱ्याची वाट न बघता स्वतःच नर होते, स्वतःच बी धरते. मागे काहीतरी राहावं म्हणून."

"म्हणजे हे दुखणं नाही?"

"दुखणं कसलं! अक्कल आहे ती. आपल्याला नको आहे एवढंच."

मी एकदम गप्प झाले. त्रेचाळीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या, दादा-वहिनीच्या घरात भाचीच्या खोलीत अर्धा पलंग वापरणाऱ्या बाईने हे ऐकून गप्प होऊ नये तर काय करावं? भिंगातून पुन्हा पाहिलं. त्या पिवळ्या केळ्याचा मला राग येईना. लिहून टाकते – हेवा वाटला.

हे घरी लिहिलं असतं तर झालंच असतं. मागची वही वहिनीने वाचली. वाचली तर वाचली, वर रात्रीच्या जेवणाला वाढता वाढता म्हणाली, "काय गं, माझा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आहे का?" दादा खाली मान घालून जेवत राहिला. मी ताट तसंच उचलून नेलं. (आवाज तसाच आहे.)

म्हणून सात जानेवारीपासून ही नवी वही कामावरच राहते. तीन नंबरला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत. अकरानंतर तिकडे कुणी फिरकत नाही. भिंतीला लागून भुशाची पोती रचलेली असतात, त्यातली दोन ओढून मी खुर्ची केली आहे, दोन टेकायला. वरचा बल्ब लावायचा, डबा मांडीवर, वही गुडघ्यावर. पायाशी गार झुळूक येते, फुलांचा वास येतो. जगात माझी म्हणावी अशी एवढीच जागा. दिवसभर तक्त्यात वेळ टाकून टाकून इथेही आपोआप वेळ पडते – वहीला काय करायची आहे वेळ!


शुक्रवार, २७ फेब्रुवारी. दु. १.०५

आज वायरमन आला होता. दिव्यांचं टायमर तोच बसवतो. बिघाड टायमरमध्ये असू नये असं मनापासून वाटत होतं, आणि ते थोरलीसाठी नव्हे. टायमर अगदी बरोबर. सेकंदाचाही फरक नाही. पेटी उघडताना त्याचे हात बघत उभी राहिले. स्क्रू काढून तोंडात न धरता खिशात ठेवतो. असा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

जाताना म्हणाला, "तुमचं झाड वाचू दे." तुमचं झाड!

पुरे. डबा संपवायचा आहे.


शनिवार, २८ फेब्रुवारी. दु. १.२०

नकाशा काढला.

सकाळी सहा ते अकरा – पाच तास एकेक झाड. बी कुठेही सापडलं तर त्याला अर्थ नाही, कारण पराग पंख्याच्या वाऱ्याने उडतो. केळी मोजायची. केळी जिथे, बिघाड तिथे. सतरा झाडांना सापडली. सतराच! एकशे पंच्याहत्तर झाडांना एकही नाही.

मोठ्या कागदावर टेबलं आखून सतरा फुल्या मारल्या. आणि बसले बघत. फुल्या विखुरलेल्या नाहीत! पश्चिमेच्या भिंतीपाशी एक, मग दोन, मग चार, मग जास्त – उघडलेल्या हातपंख्यासारख्या. दांडा भिंतीशी. आणि सगळी केळी खालच्या फांद्यांवर, एकाच उंचीवर. वरच्या शेंड्यांना काही नाही.

रक्तातला दोष असा ओळीने उभा राहतो का? एकच रक्त असताना सतरा बिघडल्या आणि बाकीच्या शहाण्या, असं कसं?

मॅडमना नेऊन दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. लिंबू जरा कमी आंबट झालं. म्हणाल्या, "छान काम केलंत. पण भिंतीशी आहे काय ते सांगा. नुसता आकार म्हणजे पुरावा नव्हे. कच्च्या झाडांत दोष आधी दिसतो, भिंतीकडची कच्ची असतील."

बरोबर आहे त्यांचं. त्यांचं बरोबर असतं तेव्हा जास्त राग येतो.

त्या भिंतीत आहे तरी काय?


सोमवार, २ मार्च. दु. १.१०

काल रविवार. वही इथे, मी घरी. दिवसभर डोक्यात नकाशा. भाची म्हणाली, "आत्या, तू भाजी चिरतेस की मोजतेस?"

आज अंधारात बसले. मामा म्हणालेच होते – रात्रीत उजेड घुसला तरी होतं. पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पुरतो म्हणतात, खरंखोटं माहीत नाही. सव्वाअकराला स्टूल घेऊन आत गेले, दार लावून घेतलं. पहिली दहा मिनिटं डोळ्यांपुढे नुसते ठिपके. मग तेही गेले. इतका काळोख की हात डोळ्यांसमोर आहे की नाही, हे हाताला विचारावं लागत होतं. पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून सव्वाबारापर्यंत बसले. काही नाही. टिपूससुद्धा नाही.

अंधारात झाडांचा वास मोठा होतो. थोडी भीती वाटली, मग नाही वाटली. एकशे ब्याण्णव बायका श्वास घेत होत्या आणि त्यात मी एकशे त्र्याण्णवावी.

तीन वाजता पुन्हा तासभर बसणार. एक ते दोन नको, ती वेळ माझी आहे.

(नंतर, ४.२०, उभ्याउभ्या) तीन ते चार बसले. काहीही नाही. मॅडमच्या तक्त्यावर लिहून दिलं: "अंधाराच्या वेळेत उजेड शिरत नाही." खाली सही.


मंगळवार, ३ मार्च. दु. १.३०

पाणी – सगळीकडे सारखं. भिंतीचं तापमान – सारखं. मुळं – पश्चिमेची तीन झाडं कुंडीतून काढून पाहिली, पांढरीशुभ्र. खत – एकाच टाकीतून. भिंतीकडची झाडं कच्ची? फूटपट्टी लावली, उलट दोन बोटं उंच.

एकेक दार ठोठावते आहे आणि आतून कुणीच ओ देत नाही.


बुधवार, ४ मार्च. दु. १.१५

उरलं रक्त.

आज अहवाल लिहायला घेतला. "खोलीत दोष आढळला नाही" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. माझ्याच नकाशाला माझीच सही खोटं पाडते आहे.

आईझाडांच्या खोलीत गेले. तिथे दिवसाही दिवे असतात, आईला फुलावर येऊ देत नाहीत ना, म्हणून. मामा थोरलीची पिवळी पानं काढत होते. परवा भट्टीत जाणाऱ्या झाडाची पिवळी पानं! एकेक, देठाशी धरून.

मी म्हटलं, "मामा, मला काही सापडलं नाही हो."

"मग नसेल."

"असं काय बोलता? तुम्हीच तर म्हणाला होता, तिच्यात खोट नाही!"

"तू बसलीस ना अंधारात? तू म्हणतेस नाही, म्हणजे नाही. तुझी नोंद कधी चुकलेली मी पाहिली नाही." मग हातातलं पान खाली ठेवत म्हणाले, "काल मनात आलं, एक फांदी खिशात घालून घरी न्यावी. खिडकीत लावावी. कोण बघतंय."

मी आधी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना. आमच्या परवान्यात एक पानसुद्धा फाटकाबाहेर नेता येत नाही.

"नाही नेली गं," ते हसले. "चोरून जगवली तर ती काय थोरली राहिली?"

मला रडू आलं. त्यांच्यासमोरच आलं. त्यांनी माझ्या हातात पिवळी पानं दिली – टाकून ये म्हणून. रडणाऱ्या माणसाला काहीतरी काम द्यावं हे मामांना कळतं.

मी परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता बसली होतीस?" मी वेळा सांगितल्या. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. म्हणाले, "तिची रात्र बारा तासांची. तू दोन तास पाहिलीस. उरलेले दहा मी बघतो. शेवटचं एकदा."


गुरुवार, ५ मार्च. दु. १.१०

मामा अकरापासून तीन नंबरमध्ये आहेत. स्टूल, पाण्याची बाटली आणि वेलींना आधाराला देतो तसली एक बांबूची काठी – कंबर धरली तर उठायला. त्या वयात! डबासुद्धा नाही नेला. रात्री अकरापर्यंत बसतो म्हणाले. मी म्हटलं, अहो, काहीही नाही तिथे. म्हणाले, मग झोप काढीन.

अहवाल पूर्ण केला. "कारण – वंशातला दोष असण्याची शक्यता." 'शक्यता' हा शब्द किती सोयीचा! उद्या दहाला मॅडमकडे द्यायचा.

पण ते सतरा झाडांचं कोडं सुटलं नाही ते नाहीच. मी म्हातारी झाले तरी मला हे छळणार. खालच्या फांद्या. एकच उंची. पश्चिमेची भिंत – तिच्यापलीकडे तर काहीच नाही, पलीकडे फक्त मी बसते ती सा

थांब.

पायाला काहीतरी टोचतंय. पोत्यांच्या मधून काठी


गुरुवार, ५ मार्च. दुपारी ३.४०, बाहेर अंगणातल्या बाकावर

इथे वही टेकायला काही नाही, अक्षर वाईट येणार.

पोत्यांच्या मधून, माझ्या घोट्याशी, भिंतीतून बांबूची काठी बाहेर आली होती. दोन वेळा हलली. आणि भिंतीतून मामांचा आवाज: "कोण आहे रे तिकडे? दिवा घालव!"

मी दिवा घालवला. काठी आत गेली. मग आवाज आला, "गेला. आता लाव." लावला. "आला."

गेल्या वर्षी ठिबकचा जुना पाइप काढला, त्याचं भोक. दोन बोटं रुंद. समोर पोती होती म्हणून बुजवायचं राहून गेलं. आणि ती पोती कुणी ओढली? मी. खुर्ची करायला! ती गार झुळूक! तो फुलांचा वास! रोज, दीड महिन्याहून जास्त दिवस, मी त्या झुळकीचं कौतुक लिहीत होते. भोकातून जाणारा उजेड पसरत पसरत खालच्या फांद्यांवर – हातपंख्यासारखा. रोज त्यांच्या मध्यरात्री मी दिवा लावत होते आणि लिहीत होते की झाडं अशी का वागतात!

मी अंधारात दोनदा बसले. दोन्ही वेळा भोकापलीकडे अंधार होता, कारण दिवा लावणारी मीच आत बसले होते. एक ते दोन बसायचं टाळलं, कारण मला लिहायचं असतं. आणि वर सही केली.

मामा बाहेर आले, उजेडाने डोळे मिचकावत. पोती, बल्ब, वही – सगळं त्यांनी पाहिलं. मी काही बोलायच्या आधी म्हणाले, "पाइप मी काढला, दिवा तू लावलास. फिट्टंफाट." आणि ती दोन पोती स्वतः ढकलून पुन्हा भिंतीशी लावली. "मॅडमला सांगतो, भोक सापडलं. तुझं नाव कशाला मध्ये?"

त्यांनी जाऊन सांगितलं. मॅडम लगेच आल्या, गुडघ्यावर बसून भोक पाहिलं, बोट घालून पाहिलं. साडी मळली, त्यांना पर्वा नव्हती. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर माझ्यासारखंच काहीतरी दिसलं – कुतूहल. पण मग उठल्या. म्हणाल्या, "भोक आहे हे खरं. पण पुढे पोती आहेत, आणि ही खोली दुपारी बंद असते. यातून उजेड गेला हे कशावरून? फुलोऱ्याच्या पहिल्या आठवड्यांत गेला, रोज गेला – हे कोण सांगणार? थोरलीला वाचवायचं म्हणून तुम्ही आत्ता काहीही दाखवाल. तारखा द्या, वेळा द्या."

मामा माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

मीही बोलले नाही. इथे लिहिते – बोलले नाही. वही पोटाशी, ओढणीखाली होती.

सात जानेवारीपासून आजपर्यंत. तापाचे दोन दिवस आणि रविवार सोडले तर रोज. तारीख आणि वेळ. असा पुरावा कोणी मागूनही मिळाला नसता! आणि त्यात काय काय आहे. मॅडमचं लिंबू. वहिनी तर पानोपानी. दादा किती भित्रा आहे ते. हेवा. वायरमनचे हात! नोकरी जाईल ते वेगळंच. नोकरी गेली तरी घरी सांगता येईल. पण हे कुणी वाचलं की मग मी कुठे तोंड दाखवणार? एकदा वाचून दाखवलं गेलंय माझं, ताटावर. पुन्हा नको.

फक्त वेळा एका कागदावर उतरवून दिल्या तर? आज लिहिलेल्या वेळा आजच्याच दिसणार. पानं फाडून दिली तर? फाडलेल्या वहीवर मी स्वतः तरी विश्वास ठेवला असता का?

मामा गेटापाशी भेटले. म्हणाले, "जा आता घरी. खूप झालं." अकरा वर्षं तिला जपली आणि हा माणूस म्हणतो, जा घरी!


शुक्रवार, ६ मार्च. सकाळी ७.३५

मॅडम, वही टेबलावर ठेवली आहे. पहिल्यापासून वाचा, एकही पान फाडलेलं नाही. माझ्या सहीचा तक्ता चुकीचा आहे. दोन मार्चला एक ते दोन मी तिथे बसले नाही, कारण त्या तासाला मी भिंतीपलीकडे दिवा लावून हे लिहीत होते. पंचवीस फेब्रुवारीला तुमच्या तोंडाबद्दल लिहिलंय, ते तेव्हाचं मत. सत्तावीस तारीख वाचली नाहीत तर उपकार होतील, पण वेळ त्या पानावरही आहे. आतल्या नोंदी अठ्ठेचाळीस, म्हणजे दिवा अठ्ठेचाळीस दिवस लागला. थोरलीच्या रक्तात दोष नाही. मी होते.